नाव घातलेली भांडी

हरिहरला कंपनीने रिऑर्गनायझेशनच्या नावाखाली घरी बसवलं, तेव्हा कुमुदिनीला वाटलं होतं की आता हा माणूस मागच्या अंगणात वांगी लावेल, नाहीतर योगाच्या क्लासला जाईल. त्याने दोन्ही केलं नाही. कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात उभं आयुष्य काढलेला हा सज्जन गृहस्थ लोकांनी टाकून दिलेली अडगळ विकत घ्यायला लागला.

नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या कडेला, शहर संपून गोदामं सुरू होतात तिथे, सामान ठेवायचे भाड्याचे गाळे आहेत. घर बदलताना, देश सोडताना, संसार मोडताना लोक तिथे सामान कोंबतात, कुलूप लावतात आणि निघून जातात. मग भाडं थकतं, पत्रांना उत्तर येत नाही, आणि शेवटी गाळ्याचा मालक कुलूप तोडून दारातूनच दोनचार फोटो काढतो आणि आतलं सगळं ऑनलाइन लिलावात टाकतो. घेणाऱ्याने आत पाऊल टाकायचं नाही, खोकं उघडायचं नाही. फोटो बघायचे आणि बोली लावायची. "आमच्या वेळी स्थळं अशीच बघायचे," कुमुदिनी म्हणायची. "आणि निघायचंही असंच काहीतरी." हरिहर हे ऐकू न आल्यासारखं करायचा.

त्याची या बाबतीत शास्त्रं होती. खोक्यांना चिकटपट्टी सरळ लावलेली असेल तर माणूस नीटनेटका, म्हणजे सामान चांगलं. काळ्या पिशव्या दिसल्या की कचरा. या शास्त्राच्या जोरावर त्याने एकदा सरळ चिकटपट्टीची खोकी घरी आणली आणि त्यांतून निघाली प्लॅस्टिकची ख्रिसमसची झाडं, गाडीभर. ती ऑगस्टमध्ये खपवायला त्याने जे कष्ट घेतले, ते नोकरीतही कधी घेतले नव्हते. पण मधूनमधून एखादं सागवानी कपाट, बरी सायकल, शिवणयंत्र असंही हाती लागे. रविवारच्या बाजारात टेबल मांडून डच म्हाताऱ्यांशी घासाघीस करताना तो इतका खुशीत असे, की कुमुदिनीने टोमणे चालू ठेवले तरी त्याला कधी अडवलं नाही. धुण्यापुसण्याचं काम तिच्याकडे होतं. प्रत्येक वस्तू पुसताना ती एकदा तरी म्हणायची, "कुणाचं तरी होतं हे."

"आता आपलं आहे," हरिहर म्हणायचा.

"विकेपर्यंत," ती म्हणायची.

लोकांच्या वस्तूंबद्दल इतकी हळवी असलेल्या या बाईच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर, दोन वर्षं दुसऱ्याचा एक डबा पडून होता. स्टीलचा, उभट, घट्ट झाकणाचा. झाकणावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत कोरलेलं होतं: चि. सौ. कां. चैत्रालीस, आईकडून.

चैत्राली म्हणजे तिची सून. म्हणजे, होती. पुण्याहून इथल्या विद्यापीठात शिकायला आली आणि अथर्वच्या प्रेमात पडली. अथर्व इथेच वाढलेला, आईने मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारा. लग्नानंतर काही वर्षांनी दोघं शांतपणे वेगळी झाली. भांडण नाही, आदळआपट नाही. थोडी आदळआपट झाली असती तर आपल्याला मधे पडून मिटवता तरी आलं असतं, असं कुमुदिनीला आजही वाटे. त्याच्या आदल्या दिवाळीला चैत्रालीने त्या डब्यातून बेसनाचे लाडू पाठवले होते. तिचं बेसन नेहमी करपायचं. हरिहर त्या लाडवांना 'डार्क रोस्ट' म्हणायचा आणि सगळ्यांत जास्त तोच खायचा.

दोघं वेगळी झाल्यावर कुमुदिनीने तिला फोन लावायला घेतला, तेव्हा अथर्व म्हणाला होता, "गिव्ह हर सम स्पेस, आई." कुमुदिनीने ती स्पेस इतकी मनापासून दिली की बघता बघता तिची दोन वर्षं झाली. चैत्राली आता आर्नहेमला राहत होती, ट्रेनने गेलं तर चहा थंड होईपर्यंत पोचावं इतकी जवळ. डबा परत करायचा तर रिकामा कसा करणार? तसं कुणी करतं का? आणि भरून न्यायचा तर कुठल्या नात्याने? रोज सकाळी साखरेची बरणी काढताना तिचा हात त्या डब्याला लागे आणि त्या मुलीची आठवण येई, अगदी पोटातून. ती डबा जरा मागे सरकवून चहाचं आधण ठेवी.

मार्चमधल्या एका दुपारी हरिहर लॅपटॉपवर नवे गाळे बघत होता.

"हा सोडून देऊ," तो म्हणाला. "गादी, मोडका टेबलफॅन, खोकी वाकडीतिकडी. काही दम नाही."

कुमुदिनी चहाचा कप ठेवायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. "मोठं करा ते. ते नाही हो, मागचं, कोपऱ्यातलं."

गादीच्या मागे एक बोचकं होतं. विटक्या सुती साडीत बांधलेलं. वर दोन गाठी, आणि उरलेली टोकं गाठीच्या पोटात खोचलेली.

"हे आपल्याकडचं आहे," ती म्हणाली.

"असेल कुणीतरी इंडियन."

"नुसतं इंडियन नाही, आपल्याकडचं. टोकं बघा कशी आत खोचलीयत. नेताना कुठे अडकू नयेत म्हणून. माझी आई अश्शीच बांधायची. आत भांडी आहेत."

"फोटोवरून भांडी दिसतात तुला?"

"त्याचं बूड बघा ना. परातीवर बसलंय ते."

हरिहरच्या शास्त्रात बोचक्याला जागा नव्हती. पण इतक्या वर्षांत बायकोने पहिल्यांदाच एखाद्या गाळ्यात रस दाखवला होता, तेव्हा त्याने बोली लावली. संध्याकाळी कुणीतरी खमक्या माणूस शेवटपर्यंत बोली चढवत राहिला आणि कुमुदिनी नवऱ्याच्या खांद्यामागे उभी राहून "लावा, अजून लावा" म्हणत राहिली. एरवी गाजरांच्या भावावरून दुकान बदलणारी बाई ती. गाळा त्यांचा झाला.

शनिवारी कुलूप उघडल्यावर हरिहर गादी बाहेर ओढायला लागला आणि कुमुदिनी सिमेंटच्या गार जमिनीवर फतकल मारून बसली. तिने गाठ सोडली. खाली परात होतीच. तिच्यावर पातेली, एकात एक बसवलेले डबे, झारा, सांडशी, वाट्या, तांब्या, आणि मधे एक जाड बुडाची कढई. प्रत्येकावर नाव. 'चि. सौ. कां. मृण्मयीस, सरलामावशीकडून.' 'मृण्मयीस, श्रीनिवासकाका.' आणि कढईच्या काठावर, जरा मोठ्या अक्षरांत, 'चि. सौ. मृण्मयीस, पहिली दिवाळी. सासूबाई.'

कुमुदिनीने ते मोठ्याने वाचलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कुठे असेल ही मुलगी? अख्खं माहेर-सासर बोचक्यात बांधून इथे ठेवावं लागलं तिला, आणि सोडवायला येताही आलं नाही?

गाळ्यात सापडलेले फोटो, पासपोर्ट, कागदपत्रं असं खासगी सामान ऑफिसात द्यायचं आणि त्यांनी ते मूळ माणसाकडे पोचवायचं, असा तिथला नियम होता. कुमुदिनीने कढई काउंटरवर ठेवली. "हे खासगी आहे," तिने आपल्या ठाम डचमध्ये सांगितलं.

काउंटरवरच्या माणसाने कढईकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मॅडम, ही कढई आहे."

"हिच्यावर नाव आहे. भेट दिलीय कुणीतरी."

त्याने कढई फिरवून पाहिली. "ही बारीक नक्षी? छान आहे," तो म्हणाला. पण नियमात कढई बसत नव्हती आणि गाळा कुणाचा होता ते त्याला सांगता येत नव्हतं. कुमुदिनी कढई काखेला मारून परत आली.

घरी हरिहरने व्यवहारी तोडगा काढला. मराठी लोकांच्या ग्रुपवर टाकू, हातोहात जातील.

"कोण घेईल? दुसरीचं नाव घातलेलं भांडं कोण बाई घरात नेते?"

"मग नाव घासून टाकू. माझ्याकडे मशीन आहे."

कुमुदिनीने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो मशीन आणायला उठलेला तसाच बाथरूमकडे वळला. मग तिने स्वतःच भांडी चिंचेने घासून लखलखीत केली, टेबलावर मांडून फोटो काढला आणि महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकला. 'ही भांडी मृण्मयी नावाच्या मुलीची आहेत. कुणाला माहीत असल्यास कळवावे. सुखरूप आहेत.' धडाधड अंगठे आले, जोडलेले हात आले, रडके चेहरे आले. एवढं पुण्य गाठीशी बांधून ती समाधानाने झोपली.

सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. "काकू, मी मृण्मयी. तो फोटो प्लीज डिलीट कराल? आत्ता लगेच?"

पुढच्या शनिवारी ती स्वतःच आली. अ‍ॅमस्टरडॅमहून ट्रेनने, तिथल्या झुइडास भागातल्या कुठल्याशा बँकेत काम करणारी, तिशी ओलांडलेली, बारीक चणीची मुलगी. "फोनवर मी जरा रूड बोलले, म्हणून म्हटलं भेटूनच जावं," ती म्हणाली. हरिहरने हवापाण्याचं बोलून घेतलं आणि आपलं इथे काम नाही हे ओळखून तो शेडमध्ये गेला.

"मी मुद्दाम सोडली ती भांडी, काकू," मृण्मयी म्हणाली. "पैशांचा प्रॉब्लेम नव्हता. डिव्होर्स झाल्यावर सगळं तिथे ठेवलं आणि मग एक दिवस भाडं भरणं थांबवलं. रिमाइंडर्स येत होते, मी बघत होते."

"अगं, पण का?"

"टाकवेनात. जुन्या वस्तूंच्या दुकानात द्यायला दोनदा घेऊन गेले. दारात सरलामावशीचं नाव दिसलं की परत फिरायचे. आपल्यातल्या कुणाला द्यायची तर ते नाव वाचणार, मग विचारणार, काय झालं, कसं झालं. म्हटलं, लिलावात जाऊ दे. कुणीतरी डच माणूस घेईल. त्याला वाचता येणार नाही. त्याच्यासाठी ते नुसतं भांडं असेल." ती हसायला लागली. "आणि अख्ख्या नेदरलँड्समध्ये घेतलं कुणी, तर तुम्ही!"

कुमुदिनी इतकी ओशाळली की तिला मान वर करवेना. "मला वाटलं, कुणीतरी या भांड्यांसाठी रडत असेल."

"रडले ना. तेव्हा रडले." मृण्मयीने टेबलावरची कढई जवळ ओढली आणि काठावरची अक्षरं बोटाने चाचपली. "या चांगल्या होत्या. सासूबाई. माझं आणि त्याचं नाही जमलं, ते आमचं आम्हाला कळत होतं. पण यांच्याशी माझं काहीच बिनसलं नव्हतं, काकू. मला आमटी यांनीच शिकवली. आणि त्यानंतर यांचा एकदाही फोन नाही. मी वाट बघत होते, खरंच. समजूत घालावी, मध्यस्थी करावी, असलं काही नको होतं मला. नुसतं 'जेवलीस का' एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं."

"त्यांना वाटलं असेल," कुमुदिनी म्हणाली, "त्यांना वाटलं असेल, तुला मोकळं सोडावं. तुला नको असेल."

"असेल तसं. पण मला कसं कळणार? मला वाटलं, त्यांनी मला सोडूनच दिलं."

कुमुदिनी चहा टाकायचं निमित्त करून उठली. साखरेची बरणी काढताना हात सवयीने त्या डब्याला लागला आणि मग तिला रडू आवरेना. मृण्मयी घाबरून उठली. "काकू, मी तुम्हाला नाही म्हणाले."

"तू नाही म्हणालीस. पण मीही तशीच सासू आहे," कुमुदिनी म्हणाली आणि डबा खाली काढून तिच्या हातात दिला. मृण्मयीने झाकणावरचं नाव वाचलं.

"कुठे असते ही?"

"आर्नहेमला."

"आर्नहेमला?" मृण्मयी म्हणाली. "काकू, मी अ‍ॅमस्टरडॅमहून आले!"

चहा झाल्यावर मृण्मयीने सरलामावशीची एक वाटी तेवढी उचलली आणि पर्समध्ये टाकली. बाकीची भांडी रविवारच्या बाजारात, वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकांना विकून टाका, म्हणाली. पातेल्यांत त्यांनी खुशाल फुलझाडं लावावीत. दारात बूट घालता घालता ती थांबली. "कढई मात्र नका विकू. ती वाचता येणाऱ्या घरात राहू दे."

दुसऱ्या दिवशी हरिहर परात-पातेली घेऊन बाजारात गेला आणि कुमुदिनीने फ्रीझरमधून खवलेल्या नारळाची दोन पाकिटं काढली. तिने त्याच कढईत खोबऱ्याच्या वड्या केल्या. चैत्रालीला मधल्या वड्या आवडायच्या नाहीत. थाळीच्या कडेला साखर जमून कडक झालेले वेडेवाकडे तुकडे तिला हवे असायचे आणि ते ती उभ्याउभ्याच उलथन्याने खरवडून खायची. कुमुदिनीने तीन थाळ्यांत पातळ थापलं, म्हणजे कडा जास्त निघाल्या.

मग तिने अथर्वला फोन केला. पोरापासून लपवून काही करायचं नव्हतं तिला. "मी चैत्रालीकडे जातेय," तिने सांगितलं.

तो म्हणाला, "दॅट्स नाइस, आई. आय थॉट यू डिडन्ट वॉन्ट टु."

"मला नको होतं?" कुमुदिनी ओरडलीच. "अरे, स्पेस द्या म्हणून तूच नाही का सांगितलंस?"

"सम स्पेस, आई. लाइक, अ मन्थ."

तिला त्याला धपाटा घालावासा वाटला आणि जवळही घ्यावंसं वाटलं. यातलं काहीच फोनवरून जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तिने "कळलं" म्हणून फोन ठेवला.

वड्या भरायला तिने चैत्रालीचा डबा खाली काढला, पुसला, तळाला कागद घातला. आणि तशीच उभी राहिली. हा डबा दिला की दिला. तिची वस्तू तिला पोचली, हिशेब मिटला. चैत्राली भली पोर, थँक्यू म्हणेल, चहा देईल. मग पुढे?

तिने कागद काढला, चैत्रालीचा डबा जागच्या जागी वर ठेवला आणि खालच्या कपाटातून स्वतःचा डबा काढला. तिच्या लग्नातला, एका बाजूला पोचा आलेला. 'सौ. कुमुदिनीस, दामोदरमामाकडून.' वड्या तिने त्यात भरल्या.

"अगं, तिचा डबा राहिला ना," बाजारातून परतून गाडीची किल्ली घेऊन उभा असलेला हरिहर म्हणाला.

"राहिला नाही, ठेवलाय," ती म्हणाली. "चला."

आर्नहेमला त्याने गाडी कोपऱ्यावर लावली. चैत्रालीला फोन करून यायचं तिला सुचलं नव्हतं असं नाही, पण फोनवर ती 'नको' म्हणाली असती तर? दारात आल्या माणसाला नको म्हणणं जरा अवघड असतं, एवढाच तिचा भरवसा होता. "तासाभराने या," तिने हरिहरला बजावलं. "आणि पाच मिनिटांत परत आले तर काही विचारू नका."

दुसऱ्या मजल्यापर्यंतचा जिना तिला फार उंच वाटला. बेल वाजवल्यावर दार उघडलं. चैत्रालीने केस कापले होते. घरातला ढगळ स्वेटर, पायात जाड मोजे. तिने कुमुदिनीला पाहिलं आणि दाराची कडी घट्ट धरली.

गाडीत बसल्यापासून कुमुदिनी काय बोलायचं त्याची जुळवाजुळव करत होती. मी यायला हवं होतं, माझं चुकलं, अथर्वने स्पेस द्यायला सांगितलं होतं. त्यातलं एक अक्षर तिला आठवलं नाही.

"जेवलीस का?" तिने विचारलं.

चैत्रालीचा चेहरा आधी कोरा राहिला आणि मग हनुवटीपासून थरथरायला लागला. "नाही," ती म्हणाली. "आई, दोन वर्षं!"

"माहितेय मला. मला वाटलं, तुला मी नको असेन."

"मला वाटलं, तुम्ही त्याच्या बाजूच्या."

"बाजू कसली, बाळा? मला रोज तुझी आठवण यायची. रोज." कुमुदिनीने हातातला डबा पुढे केला, कारण आता तो धरून उभं राहणं तिला जमत नव्हतं. "धर. कडेचे तुकडे आहेत सगळे."

चैत्रालीने झाकण काढून आत पाहिलं आणि तिथे उंबऱ्यातच एक तुकडा तोंडात टाकला. खाता खाता ती रडत होती. बाहीने डोळे पुसून तिने झाकणावरचं नाव वाचलं.

"हा माझा डबा नाही. माझा उभा होता."

"तुझा माझ्याकडे आहे. न्यायला ये."

चैत्रालीने झाकण लावलं, परत काढलं, परत लावलं. "आणि हा तुमचा मला परत द्यायला यावं लागेल," ती हळूच म्हणाली. "तोही काही रिकामा नाही आणता येणार."

"आणूच नकोस रिकामा."

"पण माझं बेसन अजूनही करपतंच, आई. चालेल?"

"तसलंच हवंय," कुमुदिनी म्हणाली आणि चपला काढून आत गेली.